दोन टर्मिनल, एक खुर्ची

ठेव तो फोन जरा खाली, श्रीधर. आईचं तिकीट दहा मिनिटांनी काढलंस तरी चालेल, विमान फेब्रुवारीतलं आहे. फक्त त्या रकान्यात खूण करू नकोस. हाच तो, ‘व्हीलचेअर हवी’. तुझी आई काल माझ्या डोळ्यांदेखत तीन खेपा घालून या गच्चीवर गहू वाळत टाकून गेली.

सगळेच करतात हे मलाही ठाऊक आहे. आपल्याकडचे आईबाप परदेशी जातात ते बसून. घरून निघताना बॅगा उचलून रिक्षात टाकणारा माणूस विमानतळाच्या दारात लुळा होतो आणि लेकीच्या गावी उतरला की पुन्हा चालायला लागतो. त्यात लबाडी कमी, लाज जास्त. इंग्रजी येत नाही, पाट्या वाचता येत नाहीत, कुठं वळायचं कळत नाही, हे लिहायला तिकिटावर रकाना नाही. पाय चालत नाहीत हे लिहायला आहे. मग जो रकाना असेल त्यात माणूस बसतो. पस्तीस वर्षं सरकारी कारकुनी केली मी. माणसाला रकान्यात बसवणं हेच काम होतं.

पण बद्रीनाथ फरकाडेचं काय झालं ते ऐक. तुम्हीही सरका जवळ. लाइट काही एवढ्यात येत नाही.

बद्रीनाथ मूळचा सिल्लोडकडचा. वीस एकर काळी जमीन, कापूस आणि मका. इथं शहरात माझ्या मागच्या गल्लीत दोन मजली घर. वय तेव्हा सदुसष्ट. या माणसाला अभिमान एकाच गोष्टीचा होता, पायांचा. पहाटे पाचला घर सोडायचा, क्रांती चौकापर्यंत चालत जायचा आणि चालत यायचा. वाटेत कुणी ओळखीचा स्कूटरवर दिसला की त्याला थांबवून विचारायचा, पाय काय म्युझियमला दिले का? मलाही विचारलं होतं. मी म्हणालो, सरकारी कामाला पाय लागत नाहीत.

त्याच्या मागं त्याची बायको, चतुराबाई. मागं म्हणजे अक्षरशः मागं. लग्नाला चाळीस वर्षं झाली, ती कायम त्याच्या दहा पावलं मागून चालत आली. तो थांबायचा नाही आणि ती गाठू शकायची नाही. कापूस वेचून वेचून तिचे गुडघे गेले होते. डॉक्टरनं दोन्ही बदलायला सांगितले, तेव्हा बद्रीनाथनं डॉक्टरलाच विचारलं, बैलाचे गुडघे कुणी बदलतं का? विषय संपला.

मला हे सगळं तिनं सांगितलं, म्हणून तिच्या बाजूनं सांगतो.

त्यांची एकुलती लेक उमा, कॅनडात. २०१९ साली तिला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात मूल गेलं होतं. नवरा कामावर, बाहेर गुडघाभर बर्फ, पोर दवाखान्यात एकटी. या खेपेला तिनं फोनवर आईला स्वच्छ सांगितलं, तू असलीस तर धीर आहे, नाहीतर माझ्याच्यानं होणार नाही. जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यातली तारीख. चतुराबाईनं डिंकाचे लाडू बांधले, अळीव घेतले, बाळंतशेपा घेतल्या, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. जालन्याच्या पलीकडं ती कधी गेली नव्हती, पण या कामाला ती पायी निघाली असती.

बद्रीनाथला तिचं एकटीनं जाणं पटेना. त्याला नातवंडाची ओढ होती असं मी म्हणणार नाही. बायको आपल्याला मागं ठेवून कुठंतरी जाते, हे त्याला सोसवत नव्हतं. जावयानं दोघांची तिकिटं काढली आणि दोघांच्याही नावापुढं खुर्ची लिहिली.

तारीख नीट ध्यानात ठेवा. पंचवीस डिसेंबर २०१९, बुधवार. नाताळ. मार्गशीर्षातली अमावास्या त्याच दिवशी लागलेली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सूर्यग्रहण. ग्रहणाच्या आदल्या रात्री घर सोडू नाही, असं चतुराबाई म्हणाली होती. पण तिकिटाला पंचांग कळत नाही.

चिकलठाण्याहून संध्याकाळचं विमान तीन तास उशिरानं सुटलं. त्या मोठ्या विमानतळावर दोघं उतरली तेव्हा रात्रीचे अकरा वीस. विमानतळाचं नाव घेत नाही; भूत कुणाच्या नावावर लावायचं तर कागद लागतो, तो माझ्याकडं नाही. परदेशी विमान दोन वाजून पाच मिनिटांचं, आणि सामान घेणारी खिडकी एक वाजता बंद. पण हे उतरले एका टर्मिनलला आणि विमान दुसऱ्या टर्मिनलहून. टर्मिनल म्हणजे काय, तर एकाच विमानतळाची दोन गावं. मधे चार किलोमीटर. फुकट बस असते. ती नुकतीच गेली होती आणि पुढची पाऊण तासानं होती.

बाहेरच्या बाकापर्यंत त्यांना दोन खुर्च्या मिळाल्या. तिथं उतरवून खुर्च्या ढकलणारी दोन पोरं म्हणाली, आमची हद्द इथं संपली, पुढची खुर्ची त्या टर्मिनलची माणसं आणतील, बसून राहा. हद्द संपली, हे वाक्य मीही नोकरीत खूप वापरलंय. त्याचा अर्थ, आता तुमचं तुम्ही पाहा.

चतुराबाई घड्याळ पाहत बसली. पावणेबारा. बारा. बद्रीनाथनं पिशवीतली पोळी-चटणी खाल्ली. ग्रहणाचे वेध लागलेत म्हणून तिनं पाणीही घेतलं नव्हतं. ती एकदा म्हणाली, आपण उठून कुणाला तरी विचारावं का? त्यावर त्यानं तिला आठवण करून दिली की आपले पाय चालत नाहीत.

बारा वाजून दहा मिनिटांनी खुर्ची आली. एकच.

आणणारा माणूस पन्नाशीचा. राखाडी गणवेश. छातीला ओळखपत्राचं प्लास्टिक होतं, आत ओळखपत्र नव्हतं. खुर्चीच्या मुठींवर त्यानं सगळा भार टाकला होता, जत्रेत आंधळा माणूस पुढच्याच्या खांद्यावर टाकतो तसा. चतुराबाईच्या मनात आलं, हा खुर्ची आणत नाही, खुर्ची याला आणतीय. जवळ येऊन तो बोलला आणि दोघंही चमकली, कारण बोली आपली होती.

"सिल्लोडचे व्हय?"

बद्रीनाथ खुलला. परमुलखात आपलं माणूस भेटलं की आपण लगेच ढिले होतो. त्यानं नाव विचारलं. तो म्हणाला, फकिरा. गाव विचारलं. तो म्हणाला, होतं.

खुर्ची एकच कशी, दोन सांगितल्या होत्या, असं बद्रीनाथनं कुरकुरत विचारलं. फकिरा म्हणाला, एकच हाय. ज्याला चालताच येत नाय त्यानं बसायचं.

चतुराबाई उठायला लागली. तिला वाटलं, आता तरी. गुडघ्यांवर हात रोवून तिनं अर्धं अंग उचललं, आणि तेवढ्यात बद्रीनाथ टुणकन उठून खुर्चीत जाऊन बसला. ती तशीच अर्धी उठलेली राहिली. खुर्चीची त्याला गरज होती म्हणून तो बसला नाही. खुर्ची एकच होती म्हणून बसला. दोन असत्या तर कदाचित चाललाही असता.

"तू ये मागून," तो म्हणाला. "चार पावलं तर हायती."

फकिरा मात्र हलला नाही. तो वाकला आणि बद्रीनाथच्या पायांकडं पाहत राहिला.

"चालता येत नाय ना?"

बद्रीनाथ कण्हला. चिकलठाण्यापासून सराव झाला होता. "नाय रे बाबा. दुखतेत."

"अजिबात नाय?"

"दोन्ही गेलेत. कामाचे राहिले नाय."

चतुराबाईनं दबक्या आवाजात सांगितलं, अहो, असं वंगाळ बोलू नाही, वास्तू तथास्तु म्हणत असती. तुमच्याही आज्यांनी तुम्हाला हे सांगितलं असेल. वास्तूत कुणीतरी सारखं तथास्तु म्हणत असतं. तुमचं बोलणं आणि त्याचं तथास्तु एका क्षणाला पडलं की झालं. बद्रीनाथला हसू आलं. वास्तू घराला असती, म्हणाला, ह्या टेशनाची वास्तुशांत कोण करायला बसलंय?

फकिरा अजून वाकलेलाच.

"मंग त्या पायांचं काय करता?"

बद्रीनाथला गंमत वाटली. सिल्लोडच्या बाजारात कुणी फार चिकटपणा केला की जशी टर उडवायची, तशी त्यानं उडवली.

"तुला पाहिजेत का? घे. घेऊन टाक."

फकिरा सरळ झाला.

"बरं," म्हणाला.

बसनं नाय जायचं, आतून रस्ता हाय, असं सांगून त्यानं खुर्ची वळवली. खांबामागं एक करडं दार होतं. खुर्ची आत गेली. मागून चतुराबाई, खांद्याला लाडवांची पिशवी, हातात पासपोर्टांचा बटवा. दार आपोआप लागलं.

आत लांबच लांब बोळ. पांढऱ्या भिंती, वर नळ्यांचे दिवे, खाली आरशासारखी फरशी. खिडकी नाही, पाटी नाही, माणूस नाही. चतुराबाईला बरंच वाटलं, कारण रस्ता सरळ होता आणि सरळ रस्त्यावर तिचे गुडघे कमी बोलायचे. तिनं मनातल्या मनात हिशोब केला, असंच चाललं तर एकच्या आत खिडकी गाठू. उमाला सांगू, अगं, कुठं काही अडचण आली नाही.

ती खाली पाहून चालत होती. म्हणून डोळ्यांच्या आधी कानांना कळलं.

चाकांचा आवाज येत होता. तिच्या चपलांचा येत होता. फकिराच्या पावलांचा येत नव्हता.

रबरी बूट असतील, ती म्हणाली मनाशी. वर पाहिलं नाही. थोडं अंतर तसंच गेलं. मग हळूहळू पावलं वाजायला लागली. आधी नुसतं घासल्यासारखं. मग टेकल्यासारखं. मग नीट.

टाच... घसट. टाच... घसट.

चतुराबाई जागच्या जागी थिजली.

ती चाल तिला पाठ होती. डावी टाच जोरात, उजवा पाय घासत. चाळीस वर्षं ती चाल तिनं रात्री अंगणातून येताना ऐकली होती. भाकरी थापता थापता टाचेवरून तिला कळायचं, आज ताट फेकलं जाणार की नाही. हजार माणसांत तिनं ती ओळखली असती. ती बद्रीनाथची चाल होती.

बद्रीनाथ तर खुर्चीत बसलेला.

तिनं मान वर केली. फकिराची पाठ. आता तो मुठींवर रेलला नव्हता. ताठ चालत होता. फरशीत त्याचं प्रतिबिंब पडलं होतं, बूट, विजार, सगळं. खुर्चीचंही पडलं होतं. खुर्चीच्या पाय ठेवायच्या पट्टीवर मात्र, फरशीत पाहिलं तर, काहीच ठेवलेलं नव्हतं.

"अहो..." तिनं हाक मारली.

"मुंग्या आल्यात पायाला," बद्रीनाथ पुढून म्हणाला. आवाज नेहमीचा, वैतागलेला.

खुर्चीचा वेग वाढला.

तिनंही पाय उचलले. गुडघ्यांत सुया. पिशवी हिंदकळायला लागली. अंतर दहा पावलं होतं. पंधरा झालं. वीस झालं.

"चतुरे."

हा आवाज नेहमीचा नव्हता.

"चतुरे... थांबव त्याला."

ती पळाली. ज्या बाईला जिन्याच्या तीन पायऱ्या एका दमात चढता येत नव्हत्या, ती पळाली. थांबा हो, म्हणाली. दादा, थांबा. फकिरानं मागं पाहिलं नाही. चालता चालता एवढंच म्हणाला, "आलंच."

टाच... घसट. टाच... घसट.

"चतुरे, मला... मला कमरेखाली..."

पुढं शब्द नाहीत. नुसती चाकं. नुसती टाच.

बोळ संपेना. दिवे तेच. भिंती त्याच. तिचा श्वास तिलाच ऐकू येत होता. ती पडली. उठली. परत पडली. लाडवांची पिशवी तिनं सोडली नाही.

मग दार.

आणि दारापलीकडं एकदम उजेड, गर्दी, पोरांची रडारड, सनया वाजाव्यात तशा घोषणा. दुसरं टर्मिनल. समोर घड्याळ. बारा अठ्ठेचाळीस.

खुर्ची खिडकीसमोर नीट उभी केलेली होती. बद्रीनाथ तिच्यात बसलेला, तोंड उघडं. फकिरा नव्हता. चतुराबाईनं इकडंतिकडं पाहिलं तर तो काचेच्या दाराकडं चालला होता, गर्दीतून वाट काढत, दोन्ही हात मोकळे सोडून. डावी टाच जोरात, उजवा पाय घासत. मागं वळून पाहायची सवय त्यालाही नव्हती.

ती नवऱ्याला म्हणाली, उठा, पोचलो. वेळेत पोचलो.

बद्रीनाथ उठला नाही.

आधी तिला वाटलं, खिडकीवरच्या पोरीला दाखवायला नाटक करतोय. तिनं खांद्याला हात लावला, तर तो घामानं भिजलेला. खिडकीवरची पोर चटपटीत होती, मराठी बोलत होती. तिनं विमानतळाचा डॉक्टर बोलावला. डॉक्टरनं टाचणी टोचली. पोटरीला, नडगीला, तळव्याला. रक्त आलं. बद्रीनाथ टाचणीकडं असा पाहत होता, जणू ती दुसऱ्याच कुणाला टोचतायत. डॉक्टर म्हणाला, हा माणूस आज विमानात चढणार नाही.

मग ती पोर चतुराबाईकडं वळली.

"आई, तुम्ही जाताय का? सहा मिनिटं आहेत. तुमचं तिकीट व्यवस्थित आहे. यांना आम्ही दवाखान्यात पोचवतो."

ती मला म्हणाली, भाऊसाहेब, मी पासपोर्ट काढला होता. खोटं कशाला बोलू? हात पुढं केला होता. उमा दिसत होती मला. बर्फ दिसत होता.

बद्रीनाथनं तिचा पदर धरला.

"मला टाकून जाती व्हय?"

चाळीस वर्षांत हा माणूस तिच्यासाठी एका वळणावर थांबला नव्हता. तिनं पदर ओढून पाहिला. सुटेना. पायातला सगळा जोर हातात आल्यासारखी मूठ होती, असं ती म्हणाली. तिनं जोर केला असता तर सुटला असता की नाही, हे मी विचारलं नाही. तिनंही सांगितलं नाही. सहा मिनिटं ती तशीच उभी राहिली, एक हात खिडकीकडं, पदर त्याच्या मुठीत. मग खिडकीची पाटी उलटी झाली.

नंतर पोलीस, चौकशी वगैरे झाली. फकिरा नावाचा माणूस कुठल्याच यादीत नव्हता. आतल्या रस्त्याचं ऐकून तिथला सुरक्षावाला तिला बाहेर घेऊन गेला आणि हात करून दाखवलं. दोन टर्मिनलांच्या मधे धावपट्टीचं टोक, एक नाला, उंच भिंत आणि बसचा रस्ता. आतून रस्ता नाही, तो म्हणाला, कधी नव्हता. मी चालत आले, ती म्हणाली. अडतीस मिनिटांत चार किलोमीटर, या गुडघ्यांनी. तो तिच्या चपलांकडं पाहत राहिला.

सव्वीस तारखेला ग्रहण लागलेलं असताना भाड्याच्या गाडीत आडवा घालून बद्रीनाथला घरी आणलं. रस्ताभर तो एकदाच बोलला. म्हणाला, मी गंमत केली होती. कुणाला सांगत होता कोण जाणे.

उमा तीन जानेवारीला बाळंत झाली, आठ दिवस आधीच. मुलगी. जावई कामावर, बाहेर बर्फ, ती एकटी. बाळ सुखरूप आहे. उमानं आईला फोन केला तो बाराव्या दिवशी, आणि म्हणाली, तिकीट होतं तुझ्या हातात. फोन तिनंच ठेवला. मार्चात जगच बंद पडलं. जग उघडलं तेव्हा बद्रीनाथला सोडून जाणार कशी? त्याला उचलणं, कुशीवर करणं, सगळं तीच करते, त्याच गुडघ्यांवर. नात आता जानेवारीत सहा वर्षांची होईल. फोनवर दिसते. मराठी येत नाही तिला.

आता गंमत ऐका. बद्रीनाथच्या सगळ्या तपासण्या झाल्या. मणका ठीक, मेंदू ठीक, नसा ठीक. एकाही डॉक्टरला दोष सापडला नाही. शेवटी या दिवाळीआधी चतुराबाई माझ्याकडं आली, अपंगत्वाच्या दाखल्याचा अर्ज लिहून घ्यायला. मी लिहिला. असे अर्ज मी झोपेतही लिहितो. सरकारी दवाखान्यात तीन डॉक्टरांपुढं त्याला नेलं. त्यांनी चादर बाजूला केली, तळवे पाहिले, एकमेकांकडं पाहिलं आणि अर्ज फेटाळला. शेरा मी स्वतः वाचला. ‘अर्जदाराचे तळवे दररोज दीर्घ अंतर चालणाऱ्या व्यक्तीचे आहेत. दिशाभूल.’

पाय धड होते तेव्हा पांगळा म्हटलं, तर कुणी पुरावा मागितला नाही. पांगळा झाला तेव्हा कुणी मानेना.

मी चतुराबाईला विचारलं, हे तळव्यांचं काय आहे? तिनं आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, पहिल्या महिन्यापासून हाय, भाऊसाहेब. रोज सकाळी त्यांच्या पायांना नवे फोड असतेत. टाचा घासलेल्या असतेत, डावी जास्त. मी तेल लावती, पट्ट्या बांधती, दुसऱ्या सकाळी परत. सहा वर्षं ते पाय जमिनीला लागले नाय. आणि ते सकाळी डोळे उघडले की रोज एकच बोलतेत.

काय बोलतात?

"आज लई चालवलं त्यानं."

मला हे पटलं नाही. माझा स्वभाव तुम्हाला माहीत आहे, कागद दिसल्याशिवाय मी देवालाही मानत नाही. फेरअर्ज करायचा तर पुरावा हवा होता. मी तिला म्हणालो, सोमवारी रात्री माझ्यासमोर त्याच्या पायांत नवे लोकरी मोजे घाला, आणि तोंडं पायजम्याला शिवून टाका. तिनं शिवली. दुहेरी दोरा, बारीक टीप. मी प्रत्येक गाठ पाहिली. रात्री अकराला घरी आलो.

मंगळवारी, पंचवीस नोव्हेंबरला, सकाळी सहाला परत गेलो. बद्रीनाथ जागा होता. छताकडं पाहत होता. माझ्याकडं वळला नाही.

टाके मी मोजले. सगळे जागच्या जागी. मोजे कोरे, एक धागा उसवलेला नाही, तळाला धूळ नाही.

चतुराबाईनं कात्री घेतली. उजवा मोजा कापला. फोड होते. ताजे... ओले.

डावा कापला.

तळव्याला काहीतरी पांढरं चिकटलं होतं. फोड आणि लोकर यांच्या मधे, आत. ती ओढायला लागली तर कातडी निघायला लागली. मग मी पाणी लावून हळूहळू सोडवलं. खिडकीपाशी नेलं. चष्मा पुसला.

बोटभर लांबीची कागदी चिकटपट्टी. विमानतळावर सामानाला लावतात तसली, काळ्या रेघांची. तिच्यावर त्याच मोठ्या विमानतळाच्या नावाची तीन अक्षरं होती. खाली तारीख होती.

चोवीस नोव्हेंबर. आदल्या रात्रीची.